अंगठा हलला तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९५८ सालच्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या भावाला तीन दिवस ताप आला आणि चौथ्या दिवशी सकाळी त्याला अंथरुणातून उठता येईना. दादा तेव्हा चार वर्षांचा होता. माझा जन्म अजून व्हायचा होता, त्यामुळे हे सगळं मी आईकडून ऐकलेलं. उजवा पाय ओल्या फडक्यासारखा लोळागोळा झाला होता. आईनं चिमटा काढला की तो रडायचा, म्हणजे पायाला जाण होती, पण पाय हलत मात्र नव्हता. पोलिओ हा शब्द गावात कुणाला ठाऊक नव्हता. लस अमेरिकेत येऊन तीन वर्षं झाली होती. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या त्या गावात डोस कुठला यायला? आईनं ग्रामदेवतेला नवस बोलला आणि रोज सकाळ-संध्याकाळ तिळाच्या तेलानं पाय चोळायला सुरुवात केली. चार-पाच महिन्यांनी, ऐन संक्रांतीच्या सुमाराला, तेल लावता लावता तिला पायाचा अंगठा हलल्यासारखा वाटला. पुढच्या दोन वर्षांत दादा कुबडी घेऊन उभा राहिला, मग कॅलिपर लावून चालायला लागला. पुढे त्यानं तीस वर्षं पोस्टात नोकरी केली, तीही उभ्यानं.

आईच्या लेखी श्रेय देवीचं आणि तेलाचं होतं. मी तिच्याशी कधी वाद घातला नाही. पण २००६ साली, बावन्न वर्षांचा झाल्यावर, दादाचा तोच पाय पुन्हा थकायला लागला. जिना चढताना गुडघा दगा देऊ लागला. त्यानं मला विचारलं, "तू जन्मभर कॉलेजात पोरांकडून बेडकं कापून घेतलीस ना? मग सांग, तेव्हा ताकद आली कुठून, आणि आता चालली कुठं?"

मी प्राणिशास्त्र शिकवत होते. परीक्षेपुरतं उत्तर मला येत होतं. दादाला पटेल असं उत्तर शोधायला मात्र शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागलं. कारण त्याच्या प्रश्नाच्या आधी आणखी एक प्रश्न येतो. मज्जातंतू आणि स्नायू यांची गाठ मुळात पडते कशी? आईच्या पोटात गर्भ वाढत असताना पाठीच्या कण्यातली एक पेशी पायाच्या अंगठ्याचा स्नायू शोधून काढते. हे तिला कोण सांगतं?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला या प्रश्नावर युरोपातल्या विद्वानांमध्ये चांगलीच जुंपली होती. जर्मनीतले हेन्सन म्हणत, मज्जापेशी आणि स्नायू कधी वेगळे नसतातच. पेशींची विभागणी होताना त्यांच्यामध्ये जीवद्रव्याचे पूल शिल्लक राहतात आणि त्याच पुलांचे पुढे मज्जातंतू होतात. दुसरा पक्ष म्हणे, वाटेवरच्या अनेक पेशी साखळीसारख्या जोडल्या जाऊन तंतू बनतो. विल्हेल्म हिस यांचं मत निराळं होतं. एकाच पेशीला फुटवा फुटतो आणि तो वाढत वाढत स्नायूपर्यंत जातो, असं ते सांगत. स्पेनच्या सांतियागो रामोन ई काहाल यांनी १८९० साली कोंबडीच्या गर्भात या फुटव्याचं टोक पाहिलं. ते फुगीर, शंकूसारखं होतं. त्याला त्यांनी वृद्धिशंकू म्हटलं. ज्या रंगप्रक्रियेमुळे ते दिसलं ती इटलीच्या गोल्जींनी शोधलेली होती, आणि गंमत अशी की गोल्जी स्वतः विरुद्ध पक्षात होते. १९०६ साली नोबेल पुरस्कार दोघांना विभागून मिळाला, तेव्हा गोल्जींनी त्या व्यासपीठावरून काहालच्या मताविरुद्धच भाषण केलं. आपल्याकडच्या साहित्य संमेलनांची आठवण व्हावी, असाच तो प्रसंग.

भांडण मिटत नव्हतं, कारण सगळे मेलेल्या गर्भाचे काप बघत होते. कापात तंतू दिसतो, पण तो वाढत आला की आधीपासून तिथंच होता, हे कसं ठरवायचं? ज्याला जे बघायचं असेल ते त्याला दिसे.

हा गुंता सोडवला तो बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रॉस हॅरिसन यांनी, १९०७ साली. त्यांची युक्ती ऐकायला फार साधी वाटते. बेडकाच्या अगदी लहान गर्भातून, अजून एकही मज्जातंतू फुटलेला नसताना, त्यांनी पुढे मज्जारज्जू होणाऱ्या भागाचा बारीक तुकडा काढला. मोठ्या बेडकाच्या अंगातल्या लसीकेचा एक थेंब काचेच्या पातळ चकतीवर घेतला, त्यात तो तुकडा ठेवला. लसीका रक्तासारखी गोठते. मग चकती उलटी करून खोलगट काचेवर बसवली आणि कडा मेणानं बंद केल्या. थेंब वरून लोंबकळत राहिला. त्या थेंबात ना पूल होते, ना वाटेवरच्या पेशींची साखळी. सूक्ष्मदर्शकाखाली हॅरिसन बघत बसले, आणि काही तासांत पेशींमधून तंतू बाहेर पडताना दिसले. टोकाशी काहालनं पाहिलेला तोच शंकू होता, पण जिवंत. त्यातून बारीक बोटं निघत, पुढे चाचपून बघत, काही मागे घेतली जात. आंधळा माणूस अनोळखी खोलीत भिंत शोधतो तसा तो तंतू पुढे सरकत होता.

प्रत्यक्षात हे सोपं नव्हतंच. थेंबात जंतू शिरले की प्रयोग वाया जाई, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या खोलीत पाळावी तशी स्वच्छता हॅरिसनना पाळावी लागली. तेही बेडकासाठी! पण शरीराबाहेर ऊती जिवंत ठेवता येते, वाढवता येते, हे या थेंबानं दाखवलं, आणि त्यातून ऊतिसंवर्धन नावाची शाखाच निघाली. १९१७ साली हॅरिसन यांचं नाव नोबेलसाठी पुढे आलं होतं, पण त्या वर्षी वैद्यकाचा पुरस्कार कुणालाच दिला गेला नाही. पुढे १९४९ साली एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स या तिघांनी पोलिओचा विषाणू अशाच संवर्धनात वाढवून दाखवला. त्यावाचून लस तयार होणं कठीण होतं. त्यांना १९५४ साली नोबेल मिळालं. दादा त्याच वर्षी जन्मला.

तंतू वाढत जातो, हे ठरलं. मग पुढचा प्रश्न असा की तो वाढतो कुणाच्या जिवावर? पाठीच्या कण्यात पायासाठी किती पेशी हव्यात, हे कोण ठरवतं?

व्हिक्टर हाम्बुर्गर हे जर्मनीतले तरुण शास्त्रज्ञ १९३२ साली एका शिष्यवृत्तीवर शिकागोला आले. कोंबडीच्या अंड्याला छोटी खिडकी पाडून त्यांनी गर्भाच्या एका बाजूचा पंखाचा अंकुर कापून टाकला आणि अंडं परत उबवायला ठेवलं. काही दिवसांनी बघतात तो त्या बाजूच्या मज्जारज्जूतला स्नायू हलवणाऱ्या पेशींचा पट्टा रोडावलेला. १९३४ साली हे प्रसिद्ध झालं. तोवर, १९३३ साली, जर्मनीतल्या त्यांच्या विद्यापीठाचं पत्र आलं होतं, की आपण ज्यू असल्यामुळे आपली नोकरी संपली आहे. हाम्बुर्गर परत गेले नाहीत. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात स्थिरावले. आपल्या प्रयोगाचा अर्थ त्यांनी असा लावला होता, की अंकुराकडून काही संदेश जातो आणि त्यामुळे कच्च्या पेशी मज्जापेशी व्हायला लागतात. अंकुर नाही, तर भरतीच होत नाही.

१९४० च्या उन्हाळ्यात इटलीत मालगाडीच्या डब्यातून प्रवास करताना एका तरुण डॉक्टर बाईंनी हा निबंध वाचला. त्यांचं नाव रीटा लेव्ही-मोंताल्चिनी. त्याही ज्यू. मुसोलिनीच्या १९३८ च्या कायद्यांनी त्यांना विद्यापीठाचं दार बंद झालं होतं. त्यांनी तुरिनमध्ये आपल्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून त्यांनी शस्त्रं बनवली, घड्याळजीचा चिमटा आणला, डोळ्यांच्या डॉक्टरची कात्री आणली. शेतकऱ्यांकडे जाऊन, "मुलांसाठी फळलेली अंडी हवीत, ती जास्त पौष्टिक असतात," असं सांगून अंडी मिळवायची. गर्भ काढून घेतल्यावर उरलेल्या अंड्याचं ऑम्लेट व्हायचं. युद्धाचे दिवस, टाकून देणं परवडत नव्हतं. ही गोष्ट भावाला कळल्यावर त्यानं ती ऑम्लेटं खायचं सोडलं. त्यांचे गुरू जुझेप्पे लेव्ही, त्यांचीही नोकरी गेलेली, ते या खोलीत चक्क शिष्येचे साहाय्यक म्हणून काम करू लागले. बॉम्बहल्ले सुरू झाले की सूक्ष्मदर्शक घेऊन तळघरात उतरायचं. शेवटी सगळं बिऱ्हाड आणि प्रयोगशाळा खेड्यात हलवावी लागली.

त्या खोलीत रीटाबाईंना जे दिसलं ते हाम्बुर्गर यांच्या अर्थाच्या उलट होतं. अंकुर कापला तरी मज्जापेशी तयार होत होत्या. त्यांचे तंतूही निघत होते. पण पोहोचायला स्नायू नव्हता, म्हणून त्या मरत होत्या. म्हणजे भरती व्यवस्थित व्हायची, पण पुढे पोसायला कुणी नसायचं. इटलीत ज्यूंचं लेखन छापणं बंद होतं, म्हणून हा निबंध १९४२ साली बेल्जियममधल्या नियतकालिकात आला. युद्ध संपल्यावर तो हाम्बुर्गर यांच्या हाती पडला. त्यांनी काय करावं? आपलं म्हणणं खोडून काढणाऱ्या बाईंना त्यांनी पत्र लिहून बोलावून घेतलं. १९४७ साली त्या थोड्या काळासाठी म्हणून सेंट लुईसला गेल्या आणि जवळजवळ तीस वर्षं राहिल्या. दोघांनी मिळून काम पुन्हा तपासलं, आणि बाईंचं बरोबर निघालं. १९४९ च्या निबंधावर दोघांचीही नावं आहेत.

पुढे रीटाबाई आणि स्टॅन्ली कोहेन यांनी मज्जापेशींना जगवणारं एक प्रथिन शोधून काढलं. त्यासाठी १९८६ साली दोघांना नोबेल मिळालं. हाम्बुर्गर यांना वगळलं गेलं, आणि मला विचाराल तर ते बरं झालं नाही. एक बारकावा सांगायला हवा, कारण पाठ्यपुस्तकं तो गाळतात. हे प्रथिन जाणीव वाहणाऱ्या आणि स्वयंचलित कामं सांभाळणाऱ्या पेशींना जगवतं. स्नायू हलवणाऱ्या पेशींना नाही. त्यांच्यासाठी असं एकच एक रसायन निघालं नाही. पुढच्या काळात निरनिराळी अनेक सापडली, आणि ती थोडा थोडा वाटा उचलतात.

पण म्हाताऱ्या हाम्बुर्गर यांनी प्रश्न सोडला नव्हता. १९७५ साली, पंचाहत्तरीला आलेले असताना, त्यांनी कोंबडीच्या पायासाठीच्या मज्जापेशी मोजून काढल्या. सुरुवातीला एका बाजूला सुमारे २०,००० भरल्या. काही दिवसांनी उरल्या सुमारे १२,०००. हे कुठलाही अंकुर न कापता, धडधाकट गर्भात. पुढच्या वर्षी त्यांच्या प्रयोगशाळेनं गर्भाला एक जास्तीचा पाय चिकटवून पाहिला, तर कमी पेशी मेल्या. आणखी चमत्कारिक म्हणजे औषध देऊन गर्भाची हालचाल बंद पाडली, तरीही पेशी मरायच्या थांबतात, असं इतरांनी लगेचच दाखवलं. निसर्ग मुळातच जास्त पेशी तयार करतो आणि स्नायूशी ज्यांचं जमेल त्यांनाच ठेवतो. हाम्बुर्गर २००१ साली वारले, शंभरी पूर्ण करून. रीटाबाई २०१२ साली, वयाच्या १०३ व्या वर्षी.

नेमका आपलाच स्नायू तंतूला कसा सापडतो, यावर लिन लँडमेसर यांचं काम आहे. १९८० च्या सुमाराला त्यांनी आणि त्यांच्या सहकारी बाईंनी कोंबडीच्या गर्भातला मज्जारज्जूचा तुकडा काढून उलटा बसवला, पुढची बाजू मागे. तंतू चुकीच्या जागेवरून निघाले, तरी वाट बदलून मूळच्या स्नायूकडेच गेले. नंबरपाटी घेऊनच निघाल्यासारखे. या वाटेवरच्या खुणा कोणत्या रसायनांच्या आहेत, ते नंतरच्या काळात बरंच उलगडलं आहे; त्यात मी आज शिरत नाही.

आता प्रत्यक्ष भेटीकडे येऊ. तंतू स्नायूला चिकटत नाही. मध्ये मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाएवढी फट राहते. ती ओलांडतं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन, हे लंडनला हेन्री डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३६ साली दाखवलं. स्नायूच्या बाजूला ते झेलणारे ग्राहक असतात. हे ग्राहक डोळ्यांना दिसू लागले ते एका सापामुळे. आपल्याकडची मण्यार सगळ्यांना माहीत आहे. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, सकाळी पापण्या उघडत नाहीत, मग श्वास थांबतो. तिच्याच तैवानमधल्या भावकीच्या विषातून १९६३ साली तिथल्या चांग आणि ली यांनी बंगारोटॉक्सिन वेगळं केलं. त्यातला एक प्रकार ग्राहकाला असा घट्ट धरतो की सुटतच नाही. त्याला खूण लावली की ग्राहक कुठं आहेत ते नकाशासारखं दिसतं. कोवळ्या स्नायूवर ते विखुरलेले असतात, आणि तंतू येऊन टेकला की त्याच्या टोकाखाली दाटीवाटीनं गोळा होतात.

त्यांना गोळा कोण करतं? अमेरिकेतल्या मॅकमेहन यांच्या गटानं १९७० च्या दशकाच्या अखेरीला बेडकावर एक प्रयोग केला, तो माझा सगळ्यात आवडता. मज्जातंतू तोडला, स्नायुतंतूही नष्ट केले. उरलं ते फक्त स्नायुतंतूंवरचं रिकामं आवरण, शेंगेतले दाणे काढल्यावर टरफल राहावं तसं. मज्जातंतू परत वाढत आला आणि त्या रिकाम्या टरफलावर बरोबर जुन्या जागीच येऊन थांबला. जागेची आठवण आवरणात होती! ते आठवणीचं द्रव्य शोधायला त्यांनी वीज मारणारा समुद्रातला पाकट मासा निवडला, कारण त्याचा वीज तयार करणारा अवयव म्हणजे असंख्य सांध्यांनी भरलेला बदललेला स्नायूच असतो. १९८७ साली त्या प्रथिनाला ॲग्रिन हे नाव मिळालं. ते तंतूच्या टोकातून बाहेर पडतं. १९९६ साली ॲग्रिनविना जन्मलेले उंदीर श्वास घेता न आल्यामुळे जन्मताच मेले. तरी गोष्ट एकतर्फी नाही. तंतू पोहोचण्याआधीच स्नायू आपल्या मध्यभागी काही ग्राहक गोळा करून वाट बघत असतो, असं २००१ साली दिसून आलं.

एवढं झाल्यावर एका स्नायुतंतूला एक मज्जातंतू, असा हिशेब लागायला हवा. जन्माच्या वेळी तो लागलेला नसतो. १९७० साली उंदराच्या पिलाच्या श्वासपटलावर दिसलं की एकेका स्नायुतंतूवर अनेक मज्जातंतू येऊन बसलेले असतात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत एक टिकतो, बाकीचे माघार घेतात. जेफ लिक्टमन यांनी तर जिवंत उंदरात तोच सांधा पुन्हा पुन्हा बघून ही चढाओढ टिपली. एकाची जागा कमी होत जाते, दुसऱ्याची वाढते, आणि शेवटी हरलेला फाटा आखडून मागे जातो. इथं पेशी मरत नाही, फक्त फाटा मागे घेते. बाळांमध्येही अशीच आवराआवर होते.

इथवर आल्यावर मला दादाचं उत्तर सापडलं. पोलिओचा विषाणू स्नायूला हात लावत नाही. मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशी तो मारतो. जाणिवेच्या पेशी वाचतात, म्हणून चिमटा कळायचा. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. त्यांचे स्नायुतंतू पोरके होतात. मग शेजारच्या वाचलेल्या पेशींच्या तंतूंना नवे फाटे फुटतात आणि ते पोरक्या स्नायुतंतूंवर जाऊन बसतात, बरेचदा त्याच जुन्या जागांवर. लहानपणी सोडून दिलेला फाटे फोडायचा उद्योग पुन्हा सुरू होतो. एकेक पेशी आपल्या वाट्याच्या कितीतरी पट स्नायुतंतू सांभाळू लागते. याला महिने लागतात. श्रावणातला ताप आणि संक्रांतीचा अंगठा, हा हिशेब जुळतो. तेलानं सांधे आखडले नाहीत, एवढं श्रेय आईला द्यायलाच हवं.

पण इतका बोजा उचलणाऱ्या पेशी तीस-चाळीस वर्षांनी थकतात, आणि दूरचे फाटे एकेक करून गळू लागतात, असं आज बहुतेक जाणकार मानतात. अशा रुग्णाची नोंद फ्रान्समध्ये १८७५ सालीच झाली होती. पोस्ट-पोलिओ सिंड्रोम हे नाव मात्र १९८० च्या दशकात रूढ झालं, पश्चिमेकडच्या साथींतली मुलं तेव्हा पन्नाशीकडे आली म्हणून. आपल्याकडे जंगली पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. आनंदाचीच गोष्ट. पण त्याआधीची मुलं अजून आहेत, लाखांनी आहेत, आणि त्यांच्यातले कितीतरी जण आता दवाखान्यात "वय झालं, व्यायाम वाढवा" एवढंच ऐकून परत येतात. दादालाही एका डॉक्टरांनी रोज दोन मैल चालायला सांगितलं होतं. थकलेल्या पेशींवर आणखी बोजा टाकायचा नसतो. व्यायाम बेताचा, मध्ये विसावा घेत, आणि ज्याला हा आजार माहीत आहे अशाच डॉक्टरच्या सल्ल्यानं.

मी हे सगळं दादाला सांगितलं, कागदावर चित्रं काढून. त्यानं बराच वेळ ती चित्रं बघितली. मग म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं शेजाऱ्यांनी सांभाळलं म्हण की. आणि आता तेही थकले."

"हो," मी म्हटलं.

"त्यांना तरी काय म्हणायचं," तो म्हणाला, आणि माळ्यावरून जुनं कॅलिपर काढायला मुलाला हाक मारली. ते आता लहान होत होतं. त्यानं नवीन करून घेतलं, वरच्या मजल्यावरची खोली मुलाला दिली आणि स्वतः खाली राहायला आला. दुपारी दोन तास पाय वर करून पडतो. आता तो सत्तरीत आहे. नातवंडं उजव्या पायाजवळ बसून, "आबा, हलवा," म्हणतात, आणि तो अंगठा हलवून दाखवतो.